तोदाम राखेकडे का गेले

प्रिय मिरान ऑन्नी,

पाकिटावरचं माझं अक्षर तू लगेच ओळखशील आणि पत्र न उघडता फ्रिजवर ठेवून देशील. आधीच्या पत्रांचंही तेच झालं असणार. फेकून मात्र तू देत नाहीस, अशी माझी समजूत आहे, आणि तिच्याच भरवशावर पुन्हा लिहायला बसले आहे. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती आप्पांविषयी आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मी तुला गोड बोलून वाचायला लावलं असं व्हायचं नाही. पण मागणं मी शेवटीच मागणार. आधी मागितलं तर तू 'नाही' म्हणशील आणि पुढचं वाचणारच नाहीस. आपण दोघी बहिणी लहान होतो तेव्हाही तू अशीच होतीस. नको असलेल्या भाजीचा वास आला की पानावर बसायचीच नाहीस.

गावातून लिहिते आहे. आपल्या घरातून. अंगणात शेजारच्या काकूंनी किमचीसाठी मिठात घातलेल्या कोबीचे ढीग आहेत. त्यांच्या अंगणात ऊन येत नाही म्हणून त्या दर वर्षी आपलं वापरतात. मला बघून म्हणाल्या, "काय गं, धाकटे, कंपनीने काढून टाकलं की काय?" मी म्हटलं, "अजून नाही, पण कंपनीच खेळ काढून टाकते आहे." त्यांना काही कळलं नाही. तुला कळेल. आमचा 'दोन किनारे' हा इंटरनेटवरचा खेळ या हिवाळ्यात बंद होतोय. तू ज्याला भुताखेतांच्या गोष्टी म्हणायचीस आणि ज्यावर मी माझं सगळं तरुणपण घातलं, तो खेळ. एका दुपारी यंत्रं बंद होतील आणि त्यातले डोंगर, गावं, माणसं, सगळं जाईल. लोक रडून पत्रं पाठवत आहेत. मी रडले नाही. मला त्याहून मोठं काहीतरी आधीच झालेलं होतं. त्याकडे येतेच आहे.

तुझ्या लेकीने, हानुलने, तुला खेळाविषयी सांगितलं असेल, पण तू कान दिला असशील असं वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्या जगात दोन पक्ष आहेत. एका बाजूला पहाटेचा दरबार. पांढरे महाल, चांदीच्या केसांची उंच माणसं, बागा, गाणी. दुसऱ्या बाजूला राखेची फौज. हरलेले, हाकललेले, शिंगं असलेले, ज्यांची गावं जळाली आणि ज्यांनी दुसऱ्यांची जाळली ते. खेळायला बसताना आपण कुठल्या जमातीचे ते आधी निवडायचं, आणि जमात ठरली की पक्ष ठरला. मग तो बदलता येत नाही. आणखी एक नियम आहे, असल्या बहुतेक खेळांत असतो तसाच. एका पक्षाचं बोलणं दुसऱ्या पक्षाला समजत नाही. समोरच्याने काही लिहिलं तर आपल्याला नुसती मोडकी अक्षरं दिसतात. त्याचं नावही दिसत नाही. फक्त जमात दिसते, आणि खुणा दिसतात. वाकून नमस्कार, हात हलवणं, बसणं, हसणं, रडणं. तेवढ्याच पलीकडे पोहोचतात. इतकी वर्षं मी या नियमाकडे लक्षही दिलं नव्हतं. दाराला कडी असते, तसा तो तिथे होता.

तोदाम ही जमात माझी. मी कंपनीत नवी होते तेव्हा बाकीच्यांनी चांगल्या चांगल्या जमाती वाटून घेतल्या आणि उरलेली एक माझ्याकडे आली. बुटकी, मातीच्या रंगाची, भरती-ओहोटीच्या चिखलात राहणारी माणसं. त्यांना काय करायला लावायचं ते मला एका दिवसात सुचलं. एक गुडघा फळीवर टेकून, दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत ती पार समुद्रापर्यंत जातात आणि शिंपल्या गोळा करून आणतात. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, काय कल्पना आहे! तू असतीस तर हसली असतीस. आमचे प्रमुख ओक साहेब चित्रं बघून म्हणाले, "गोड आहेत बिचारे. पहाटेला देऊन टाका, मुलं आवडीने घेतील." मी म्हटलं, नाही, हे राखेचे. ते म्हणाले, "का? दरबाराचे आणि यांचे देव एक आहेत, दुष्काळात दरबाराने यांना धान्य दिलंय, हे तूच लिहिलंस. आणि राखेच्या लोकांनी यांचं बंदर जाळलंय, तेही तूच लिहिलंस. मग ही काय डोक्यावर पडलेली आहेत?" मी एक कारण लिहून दिलं. दरबाराने तोदामांना सांगितलं, या, महालात तुमची जागा आहे, फक्त उंबऱ्यावर पाय धुऊन या. पण तोदाम मातीचेच. पाय धुतले तर ते पायच राहत नाहीत. राखेच्या छावणीत कुणी पायांकडे बघितलं नाही, म्हणून ते तिकडे गेले. ओक साहेबांनी दोनदा वाचलं, मान हलवली आणि पुढच्या कामाला लागले.

खेळणाऱ्यांचं मात्र तेवढ्याने समाधान झालं नाही. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न तोच. तोदाम राखेकडे का गेले? दर वर्षीच्या मेळाव्यात कुणीतरी उठून विचारायचंच. एकदा एक मुलगी तोंडाला खरा चिखल फासून आली होती. ती म्हणाली, "बाई, पाय धुवायच्या रागावरून कुणी घर जाळणाऱ्यांकडे जातं का? खरं काय ते सांगा ना." मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, चिखलाचे गोळे ते! गोळ्याला काय अक्कल?" सगळे हसले. मीही हसले. तिचं म्हणणं खरं होतं. ते खरं कारण नव्हतंच.

पायांचं मला कुठून सुचलं ते मात्र तुला सांगायला नको. देगू शहरातल्या आजीच्या घरी आपण सुट्टीत जायचो तेव्हा दाराशी निळी बादली ठेवलेली असायची, ती फक्त आप्पांसाठी. आपण सगळे चपला काढून सरळ आत जायचो. आप्पा गावातून आंघोळ करून, धुतलेले मोजे घालून निघालेले असायचे, तरी आजी म्हणायची, "जावईबापू, तेवढे पाय धुऊन घ्या." ते हसत धुवायचे. आई दुसरीकडे बघायची. आईची बाजू मला तेव्हा कळत नव्हती, आता कळते. शिक्षकाची मुलगी, शहरातली, पुस्तकं वाचणारी, आणि चिखलाच्या काठी येऊन पडली. त्यात आप्पांचं पिणं. मासेमारीची बोट हातची गेल्यावर ते किती प्यायचे आणि प्यायल्यावर काय करायचे, हे तू बघितलंस. मी झोपलेली असायचे. आणि झोपलेली असायचे कारण तू माझ्या कानांवर उशी दाबून धरायचीस. हे मी विसरलेले नाही, ऑन्नी. तू माझ्या वाटणीचंही ऐकून घेतलंस. तुझ्या रागावर मी कधीच बोट ठेवलं नाही, आजही ठेवत नाही.

मग आई-आप्पा वेगळे झाले तो दिवस आला. कोर्टातल्या त्या खोलीत चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, कुणाला कुणाकडे राहायचंय? तू आईचा हात धरून उभी होतीस. आजी होती, दोन्ही मामा होते. भिंतीशी सगळे ओळीने उभे होते. बाईंनी तुला विचारलं, तू म्हणालीस, आई. मग मला विचारलं. मी नऊ वर्षांची होते. मी म्हटलं, आप्पा. बाहेर बसथांब्यावर तू माझी वेणी ओढून ओरडलीस, "त्याची बाजू घेतलीस तू! त्याची!" आणि रडायला लागलीस. बस आली, तुम्ही चढलात. खिडकीतून आई हात हलवत होती. तू नाही.

आप्पांचं पिणं पुढे सुटलं. त्यात फार मोठं काही नव्हतं, पोटाने साथ सोडली. बोट नव्हती म्हणून त्यांनी त्यांच्या आईची चिखलावरची फळी माळ्यावरून काढली आणि बायकांबरोबर शिंपल्या काढायला जायला लागले. गावातले पुरुष पाराशी बसून हसायचे. "अरे, मिरानचा बाप परकर नेसायला लागला का?" आप्पा तिथूनच ओरडायचे, "तुझ्या बायकोला विचार, माझी फळी तिच्या पुढे असते!" बायकांना ते आवडायचे. मी शाळेतून आले की ते लांबून एक ठिपका दिसायचे, आणि तो ठिपका हळूहळू माणूस व्हायचा. माझं बालपण बरंचसं त्या ठिपक्याची वाट बघण्यात गेलं. वाईट गेलं असं नाही म्हणणार. पण तुझी जागा रिकामीच असायची. जेवताना तुझा चमचा ते तुझ्या जागी मांडायचे. माझा मी घ्यायचे.

आईच्या अंत्यविधीला ते आले तेव्हा तू दारात उभी राहिलीस. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तो दिवस तुझा होता. तू म्हणालीस, "आत यायचं नाही. मला तुमचा एक शब्दसुद्धा ऐकायचा नाही." आप्पांनी बूट काढलेले होते. ते बाहेरच्या बोळातच, मोज्यांवर, आईच्या फोटोला दिसणारही नाही अशा जागी दोनदा गुडघ्यांवर वाकले आणि बूट हातात घेऊन निघून गेले. हानुल तेव्हा केवढीशी होती. आत तिखट रस्सा जेवताना ती माझ्या शेजारी बसली होती. ती मला हळूच म्हणाली, "मावशी, मी तुझा खेळ खेळते. मी पहाटेची. चांदीच्या केसांची तिरंदाज. माझं नाव आंबट संत्रं." मी हसले, विचारलं कधी खेळतेस. म्हणाली, "शनिवारी दुपारी क्लास सुटला की. तो राखाडी धक्का आहे ना, तिथे मासे पकडते. तिथे कुणी येत नाही, बरं वाटतं." आप्पा बसथांब्यावर माझी वाट बघत थांबले होते, आम्ही एकाच बसने परत निघालो. बसमध्ये ते म्हणाले, "मिरानच्या मागे उभी होती ती पोरगी, तीच हानुल ना? कान अगदी माझ्या आईचे आहेत." मी हो म्हटलं आणि तिने सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. निव्वळ काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात एवढा आनंद मी कधी ऐकला नव्हता. "मी आहे आता तुझ्या खेळात!" तालुक्याच्या बसस्टँडसमोर सायबर कॅफे आहे, शाळेतली मुलं जातात ते. आप्पा तिथे जाऊन बसले होते. मालकाने सगळं लावून दिलं होतं. "कुठली जमात घ्यायची विचारलं त्याने. मी बघत गेलो. शिंगवाले, पंखवाले, कसले कसले. आणि मग ही तुझी माणसं! गुडघा टेकून फळी ढकलतायत! मी म्हटलं, हेच, दुसरं बघायला नको. हे मला येतं." मी म्हटलं, आप्पा, तोदाम राखेकडचे आहेत. हानुल पहाटेची आहे. तुम्ही तिच्याशी बोलू शकणार नाही. पलीकडून त्यांनी विचारलं, "हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, मी.

ते रागावले नाहीत. मीच त्यांच्या मागे लागले. दुसरा माणूस करा, पहाटेकडच्या चार जमाती आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, "चांदीचे केस लावून जाऊ? मला आरशात बघून हसू येईल." मी म्हटलं, तुम्हाला तिच्याशी बोलायचंय ना? त्यावर म्हणाले, "बोलून काय सांगणार? मी तुझा आजोबा, तुझ्या आईने ज्याला दारातून परत पाठवलं तो? लेकराच्या डोक्याला ताप. आणि तिच्या आईने सांगितलंय, एक शब्द ऐकायचा नाही. तिची मुलगी, तिचा हुकूम. पण बसायला काही मनाई केलेली नाही ना?" मग ते दर शनिवारी दुपारी त्या धक्क्यावर जाऊन बसायला लागले. तू हे इथवर वाचत आली असशील तर आता थांबू नकोस. तुझा हुकूम त्यांनी मोडला नाही. एक शब्द त्यांनी तिला लिहिला नाही.

पहिल्या शनिवारी तिने त्यांना मारलं. दोन पक्ष समोरासमोर आले की मारायची मुभा असते, आणि ती लहान होती. संध्याकाळी फोन. "आज नातीने मला मारलं! एका बाणात! नेम बघ पोरीचा, नेम!" पुढच्या शनिवारी पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी ते तिला बघून वाकले, नमस्कार केला आणि शेजारी जागा करून बसले. तिने धनुष्य खाली केलं. मग तीही वाकली. सायबर कॅफेतली पोरं त्यांच्या खुर्चीमागे उभी राहायची म्हणे. "आजोबा, शत्रू आहे तो, मारा ना!" आणि आप्पा म्हणायचे, "गप रे, शत्रू आता मासा लावतोय गळाला."

आमच्या खेळात शेकोटी कुणीही पेटवली तरी तिची ऊब दोन्ही पक्षांना मिळते. हे आम्ही ठरवून केलेलं नव्हतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि मग तसंच राहिलं. आप्पांना ते आपलं आपण सापडलं. ते शेकोटी पेटवायचे, ती येऊन बसायची. बर्फाचे वारे सुटायचे, दोघं मासे पकडत बसायचे. ती नाचून दाखवायची. तो बुटका तोदाम उठून तसाच नाचायचा, त्याला गुडघा पुरता वाकवता यायचा नाही. मी एकदा माझ्या ऑफिसातून, तिसऱ्याच कुणाच्या रूपात, लांबून बघितलं. फार वेळ उभं राहवलं नाही मला.

एका हिवाळ्यात हानुल आली आणि रडण्याची खूण करून बसली. ती दुपारभर तसंच करत राहिली. पुन्हा पुन्हा तीच खूण. आप्पांना काय करावं कळेना. त्यांच्याकडे रडण्याला उत्तर देणारी खूणच नव्हती. त्यांनी एक शेकोटी पेटवली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. होतं तेवढं लाकूड त्यांनी संपवलं. अख्खा धक्का उजळून निघाला होता, असं म्हणाले. रात्री मला विचारत राहिले, "काय झालं असेल गं? शाळेत कुणी बोललं असेल? घरी काही? आता मी विचारू कसा?" तू आणि हानुलचे बाबा वेगळे झालात ते त्याच हिवाळ्यात, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी आप्पांना सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "म्हणजे तिलाही कुणीतरी विचारलं असेल, कुणाकडे राहायचंय."

हानुल पुढे कॉलेजला गेली आणि यायची बंद झाली. मुलं मोठी झाली की खेळ सुटतो. आप्पा मात्र शनिवारी जातच राहिले. मी म्हटलं, आप्पा, ती आता यायची नाही. म्हणाले, "मासे तर येतात."

आता कामाचं. खेळ बंद करायच्या आधी शेवटचा अध्याय द्यायचा असं कंपनीने ठरवलं, आणि त्यात तोदाम पहाटेच्या दरबारात परत येतात असं मी लिहावं, अशी मागणी आली. सगळं गोड होऊन संपावं म्हणून. मी लिहायला बसले, आणि त्याच आठवड्यात खेळाच्या फलकावर कुणीतरी एक निरोप लावला. 'मी शाळेत असताना राखाडी धक्क्यावर एक तोदाम कोळी बसायचा. मी त्याला सुरुवातीला दोनदा मारलं होतं. नंतर तो माझ्यासाठी शेकोटी पेटवायचा. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी त्याने धक्काभर शेकोट्या पेटवल्या. त्याचं नाव मला कधी दिसलं नाही. खेळ संपायच्या आत मला त्याला भेटायचंय. कुणाला माहीत आहे का तो कोण?' खाली नाव होतं, आंबट संत्रं. मला तिला त्याच क्षणी उत्तर देता आलं असतं. ती मोठी झाली आहे, तिला थेट लिहिता आलं असतं. पण तुझ्या घरात मागच्या दाराने शिरायचं नाही, हे मी आप्पांकडून शिकले. म्हणून आधी तुझं दार वाजवते आहे.

शेवटच्या अध्यायात मी तोदामांना पहाटेकडे पाठवलं नाही. ओक साहेब चिडले, मग दमून हो म्हणाले. त्यात एक मुलगी तोदामांच्या म्हातारीला तोच प्रश्न विचारते, का गेलात त्यांच्याकडे, ज्यांनी तुमचं बंदर जाळलं? म्हातारी म्हणते, आम्ही कुणाची बाजू घेतली नाही, बाळ. दरबाराच्या बाजूला सगळे उभे होते. दुसरीकडे कुणीच नव्हतं. बस, एवढंच, ऑन्नी. त्या खोलीत भिंतीशी तू होतीस, आई होती, आजी होती, मामा होते. समोरच्या भिंतीशी आप्पा एकटे उभे होते आणि पायांकडे बघत होते. मी त्यांना निवडलं नाही, मी आईला सोडलं नाही, तुला तर नाहीच नाही. मी फक्त रिकाम्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. आणि मला वाटलं होतं, तू हे ओळखशील. माझ्या कानांवर उशी दाबणारी तूच तर होतीस. आपल्या दोघींत एकट्या पडलेल्याच्या बाजूला उभं राहायची सवय आधी तुला होती.

आता ते मागणं. शरदातल्या चुसोक सणाच्या सुट्टीनंतर आप्पा चिखलातच पडले. बायकांनी फळीवर घालून काठावर आणलं. आता सुन्चनच्या दवाखान्यात आहेत. उजवी बाजू गेली आहे आणि बोलणं गेलं आहे. म्हणजे बोलतात, पण ओळखू येईल असा एक शब्द निघत नाही, नुसते मोडके तुकडे. आपलं बोलणंही त्यांना फारसं कळत नसावं. डॉक्टर म्हणतात, पुढचा वसंत ऋतू ते बघतीलच असं सांगता येत नाही. नर्स त्यांना आजोबा म्हणते, साहेब म्हणते, ते बघत नाहीत. परवा शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि दारातून नेहमीसारखं ओरडल्या, "काय हो, मिरानचे आप्पा!" आणि त्यांनी मान वळवली. गावाने त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारलीच नाही. तू गेल्यावरही नाही, मी त्यांच्याजवळ राहिले तरीही नाही. त्या तोदाम कोळ्याचं नावही त्यांनी तेच ठेवलं होतं, 'मिरानचे आप्पा'. धक्क्यावर ते हानुलच्या शेजारी इतकी वर्षं बसले ते तुझं नाव डोक्यावर घेऊन, आणि ते तिला दिसत नव्हतं. जवळ मी आणि नाव कायम तुझं, याचं मला कधीकधी वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता वाटत नाही. आता मला फक्त तू यायला हवी आहेस. देगूहून थेट बस आहे. तू म्हणाली होतीस, एक शब्दसुद्धा ऐकायचा नाही. आता एकही शब्द उरलेला नाही, तुला काही ऐकावं लागणार नाही, काही बोलावंही लागणार नाही. डावा हात चालतो, मान वाकते. खोलीत कुणीही आलं की ते वाकतात आणि शेजारी पलंगावर हाताने जागा करतात. तेवढ्या जागेत येऊन बस. वाटलं तर हानुललाही आण. तिला आधी काही सांगू नकोस, सांगायची गरज पडणार नाही.

तुझीच,
सेरान